अवजाराला मान्यता आहे, सुधारणेला नाही

खानदेशात ट्रॅक्टरची अवजारं बनवणारे बरेच कारखाने घरचे आहेत. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत असोत की तालुक्याच्या गावाबाहेर रस्त्याला लागून उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, मालक, वेल्डिंगवर नजर ठेवणारा आणि उधारी वसूल करणारा ही एकाच घरातली माणसं असतात. नांगर, मोगडा, वखर, सरी पाडायचा रेजर, पेरणी यंत्र, रोटाव्हेटर, पऱ्हाटीचं (वेचणीनंतर उभ्या राहिलेल्या कापसाच्या झाडांचं) श्रेडर असा माल तिथे तयार होतो. हे कारखाने टिकावेत की नाही, हा प्रश्न केवळ आपुलकीचा नाही. तापी-गिरणेच्या काळ्या मातीत, केळी, कापूस, मक्याच्या वावरात नीट चालणारं अवजार हवं असेल, तर ते इथली तक्रार ऐकून पुढच्या हंगामाआधी बदल करणाऱ्या माणसाच्या हातूनच घडणार आहे. सरकारचा यांत्रिकीकरणावरचा पैसा आज ज्या रीतीने वाटला जातो, ती रीत मात्र याच बदलाला अडवते.

सुधारणा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ड्रोन नाहीतर चालकाविना ट्रॅक्टर येतो. खानदेशातल्या शेडमध्ये सुधारणा फार साध्या ठिकाणी लागते. केळीच्या बागेतला रोटाव्हेटर घ्या. पाच बाय सहा फुटांवर लावलेल्या बागेत एकरी १४५२ झाडं बसतात. नवती (नवी लागवड) संपली, पीलबागही (पिलांवर घेतलेलं पुढचं पीक) काढली की एवढी सगळी खोडं रानात राहतात. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, उरतो तो धागा, आणि तोच यंत्राचा वैरी आहे. रोटाव्हेटर फिरू लागला की हा धागा पात्यांमध्ये अडकून राहत नाही, तो हळूहळू सरकत शाफ्टच्या टोकाला, बाजूच्या पत्र्याजवळ जाऊन गुंडाळला जातो. तिथे घट्ट बसलेला ओला धागा ऑइल सीलच्या रबरी ओठावर घासत राहतो. ओठ कापला की गिअर ऑइल गळतं, त्याच वाटेने चिखल आत शिरतो, आणि मग बेअरिंग जातं. शेतकरी म्हणतो, बेअरिंग हलकं टाकलं होतं. खरं तर बेअरिंग सगळ्यात शेवटी मेलेलं असतं. भारी कंपनीचं बेअरिंग बसवून दुरुस्ती केली तर तेही त्याच हंगामात जाईल, कारण धाग्याची वाट बंद झालेली नाही.

ती वाट बंद करायचा उपाय महाग नाही. बाजूच्या पत्र्याला आतून एक पोलादी कडं वेल्ड करायचं, असं की ते शाफ्टसोबत फिरणाऱ्या फ्लँजच्या (चकतीच्या) कडेवर थोडं झाकण घेऊन बसेल आणि धाग्याला सरळ सीलपर्यंत जाता येणार नाही. कड्याजवळ एक छोटी कडक पट्टी अशी बसवायची की फ्लँज फिरताना तिच्या अगदी जवळून जाईल आणि गुंडाळू पाहणारा धागा तिथेच कातरला जाईल. एका ओठाच्या सीलऐवजी दुहेरी ओठाचं सील टाकायचं. या तिन्हींत अवघड आहे ती फट. पट्टी फार जवळ आली तर शाफ्टच्या किंचित वाकण्यानेही घासते, लांब राहिली तर धागा कातरत नाही. शेतातून परत आलेली यंत्रं उघडून बघितल्याशिवाय ही फट ठरत नाही, आणि ती यंत्रं उघडायला जो जवळ आहे त्यालाच ती ठरवता येते. केळीचं खोड न पाहिलेल्या कारखान्यात कितीही हुशार इंजिनिअर असले तरी त्यांच्यापुढे ही अडचण येतच नाही. देशभर विकायचं यंत्र देशभराच्या सरासरीसाठी आखलेलं असतं, आणि रावेर-यावलची बाग त्या सरासरीत बसत नाही.

कापसाची गोष्ट याहून निकडीची आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस किती खाल्ला, हे खानदेशाला सांगायला नको. अळी हंगाम संपल्यावर झाडावर उरलेल्या किडक्या बोंडांत आणि पालापाचोळ्यात तग धरून राहते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत वेचणी आटोपून, फरदड (वाढवलेलं पीक) न ठेवता पऱ्हाटी उपटून किंवा बारीक करून मातीत गाडावी, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. सल्ला बरोबर आहे. तो पाळायचा तर पऱ्हाटी बारीक करणारं श्रेडर त्या दोन महिन्यांत बंद न पडता चाललं पाहिजे. ते बंद पडतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: तोल.

ट्रॅक्टरच्या पीटीओचे, म्हणजे अवजाराला जोर पुरवणाऱ्या मागच्या फिरत्या शाफ्टचे, मिनिटाला ५४० फेरे गिअरबॉक्स आणि बेल्टने वाढवून श्रेडरचा रोटर समजा १८०० फेऱ्यांवर फिरतो आहे. रोटरच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरवर लटकणाऱ्या दोन समोरासमोरच्या पात्यांच्या वजनात फक्त २० ग्रॅमचा फरक असला, तर त्या वेगाला तो फरक बेअरिंगवर सुमारे १८ किलोच्या ओढीएवढा बसतो, आणि ती ओढ सेकंदाला ३० वेळा दिशा बदलते. आठ-दहा तासांत नट सैल होतात, मग चौकटीच्या वेल्डिंगला बारीक चीर पडते, मग बेअरिंगचं घर हलतं. शेतकऱ्याने तुटलेलं एकच पातं नवं टाकलं तरी हेच होतं, कारण समोरचं पातं झिजून हलकं झालेलं असतं. पाती नेहमी समोरासमोरच्या जोडीने, तराजूवर तोलून बदलायची असतात. हे यंत्रावर मराठीत, रंगाने लिहिलेलं असलं पाहिजे. आणि पात्यांच्या आधी मूळ रोटर बॅलन्सिंग यंत्रावर तोललेला असला पाहिजे, कारण रोटरच्या जाड नळीवर पाती टांगायचे कान वेल्ड करताना नळी थोडीतरी वाकतेच.

आणखी एक. पऱ्हाटी जमिनीपासून उंचावर कापली तर उरलेला खुंट भाल्यासारखा उभा राहतो आणि ट्रॅक्टरचं टायर फाडतो. फार खाली कापायला गेलं तर पाती माती खातात आणि दोन-तीन दिवसांत बोथट होतात. चार फुटांच्या सरीवर लावलेल्या कापसात वरंब्याची उंची प्रत्येक वावरात वेगळी. त्यामुळे मागचा उंची ठरवणारा रोलर एका बोल्टवर नाही, टप्प्याटप्प्याच्या भोकांवर बसवावा लागतो, आणि ती भोकं किती अंतरावर हवीत हे वरंबे मोजूनच कळतं.

मक्याच्या पेरणी यंत्रात गोष्ट आणखी नाजूक होते. ओळीत ६० सेंटिमीटर, झाडात २० सेंटिमीटर, असं चार ओळींचं यंत्र घ्या. जमिनीवरून चालणाऱ्या चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात ते सुमारे १.२६ मीटर पुढे जातं, म्हणजे प्रत्येक ओळीत एका फेऱ्याला ६ दाणे पडायला हवेत. यंत्र शेतात नेण्याआधी तपासायची रीत सोपी आहे: चाक उचलून ६७ फेरे हाताने फिरवायचे, म्हणजे एकराचा विसावा भाग पेरल्यासारखं होतं, आणि चारही नळ्यांखाली जमलेलं बी तोलायचं. एकरी ८ किलो बियाणं धरलं तर ४०० ग्रॅम भरायला हवं, आणि चारही नळ्यांचा वाटा जवळजवळ सारखा. पण वावरात ओल्या काळ्या मातीत चाकाला माती चिकटते, त्याचा व्यास वाढतो. भुसभुशीत वाफ्यात तेच चाक न फिरता घसरतं. एकीकडे झाडं लांब पडतात, दुसरीकडेही लांबच पडतात, आणि शेतकरी बियाण्याच्या कंपनीला दोष देतो. चाकाला माती खरवडणारी पट्टी आणि कडेला पकड धरणारे दाते, हे दोन्ही लागतात. त्यातच संकरित मक्याचं बी वेगवेगळ्या आकारात येतं, चपटं आणि गोल. बी उचलणाऱ्या तबकडीचा कप्पा मोठा असला तर दोन दाणे, लहान असला तर एकही नाही किंवा फुटलेला. यंत्रासोबत तीन-चार तबकड्या द्यायला हव्यात, आणि कोणत्या बियाला कोणती, हे बी हातात घेऊन बसवून बघणाऱ्यानेच सांगायला हवं. खताच्या पेटीचा पत्रा साधा असला तर हंगामानंतर पेटीत राहिलेलं खत हवेतली ओल ओढतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात पेटीला भोक पडतं. हे सगळं शेतकऱ्याला माहीत असतं. यंत्र बनवणाऱ्यापर्यंत ते पोचण्याची वाट मात्र लहान असावी लागते.

घरच्या कारखान्याची खरी ताकद ती लहान वाट आहे. तक्रार घेऊन आलेला माणूस थेट बनवणाऱ्यासमोर उभा राहतो, ज्याला तो काका किंवा भाऊ म्हणतो आणि ज्याच्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे. वाफसा आठवडाभर टिकणार असताना तीन दिवसांत भाग बदलून द्यायची ताकद इतर कोणाकडे नाही. काळी माती पावसानंतर दोन दिवस चिखल, मग थोडे दिवस वाफसा, मग दगड. त्या थोड्या दिवसांत अवजार बंद म्हणजे पेरणी मागे.

पण याच कारखान्यांचं एक मोठं दुबळेपण झाकून चालणार नाही. एक यंत्र उत्तम निघतं, त्याच शेडमधलं पुढचं दहावं तसं निघत नाही. नकाशा कागदावर नसतो, मोठ्या मिस्त्रीच्या डोक्यात असतो. जिग, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणारा साचा, नसतो, म्हणून चौकट वेल्डिंगच्या उष्णतेने जिकडे ओढली जाईल तिकडे जाते आणि अवजार ट्रॅक्टरला जोडणारी तीन बिंदूंची जोडणी ट्रॅक्टरच्या मध्यरेषेत बसत नाही. परिणामी नांगर तिरका ओढतो, चालकाला सतत स्टिअरिंग एका बाजूला धरावं लागतं, आणि सगळे म्हणतात ट्रॅक्टरला जोर नाही. या जोडणीच्या खालच्या पिनेचं भोक लहान ट्रॅक्टरच्या पहिल्या वर्गाच्या २२ मिलिमीटरचं करायचं की मोठ्याच्या दुसऱ्या वर्गाच्या २८ चं, हे ऑर्डर घेताना विचारलं गेलं नाही तर शेतात लोखंडी सळी कोंबून काम चालवलं जातं, आणि भोक अंडाकृती होऊन बसतं.

सगळ्यात मोठी उणीव पोलाद आणि त्याला पाणी देण्यात, म्हणजे तापवून बुडवून कडक करण्यात आहे. फाळ आणि पाती बनवायला अनेक ठिकाणी ट्रकच्या भंगारातले कमानीचे पाटे वापरतात. पोलाद चांगलं असतं, पण कोणत्या पाट्यात काय आहे हे सांगता येत नाही आणि कित्येक पाट्यांत आधीच थकव्याच्या बारीक चिरा असतात. भट्टीत तापवताना रंगावरून अंदाज घेतला जातो. तोच लालसर रंग दुपारच्या उन्हात वेगळा दिसतो आणि संध्याकाळी शेडच्या सावलीत वेगळा. पंचवीस-पन्नास अंशांचा फरक डोळ्याला कळत नाही, पोलादाला कळतो. कमी तापलं तर फाळ मऊ राहतो आणि कानस त्यावर सहज चालते. असा फाळ वाळूमिश्रित मातीत लवकर झिजतो. चांगलं तापवून पाण्यात बुडवलं आणि नंतर पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा काढला नाही, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्याच्या रानात तो काचेसारखा तुटतो. रोटाव्हेटरच्या पात्याला धारेकडे जास्त कडकपणा हवा आणि बोल्टच्या भोकांकडे कमी, म्हणजे धार टिकेल आणि दांडा धक्का सोसेल. सगळं पातं एकसारखं कडक केलं तर ते नेमकं भोकाजवळ तुटतं. बोरॉन पोलादाचं तयार पातं आणलं तरी गावातल्या भट्टीत ते पुन्हा तापवून धार काढली की त्याचा मूळ गुण गेला. फाळाला कडक थराचं वेल्डिंग करायचं तर ते एकाच बाजूने करावं, म्हणजे दुसरी बाजू आधी झिजत जाते आणि धार आपोआप राहते. दोन्ही बाजूंनी थर दिला की फाळ टिकतो पण बोथट होऊन, आणि डिझेल जास्त जाळून.

यातली एकही गोष्ट गुप्त ज्ञान नाही. तापमान मोजणारी भट्टी, कडकपणा मोजणारं रॉकवेल यंत्र, पोलादाचं रसायन दाखवणारा स्पेक्ट्रोमीटर आणि रोटर तोलायचं बॅलन्सिंग यंत्र, एवढ्या चार गोष्टी हाताशी असल्या की खानदेशातला माल कुठल्याही मोठ्या नावाच्या बरोबरीने उभा राहील. एका घरच्या कारखान्याला हे चारही एकट्याने घेणं परवडत नाही, आणि घेतलं तरी वर्षातले बरेच महिने यंत्रं रिकामी राहतील. म्हणून ती सामायिकच हवीत.

आता सरकारचा पैसा कुठे जातो ते बघा. २०१४-१५ पासून चालू असलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजाराच्या किमतीवर, ठरवलेल्या कमाल मर्यादेत, सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के आणि अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के अनुदान मिळतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मग खात्यात पैसे. अनुदानासाठी अवजार तपासणी झालेलं असावं लागतं. देशात ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांची तपासणी करणारी सर्वात जुनी केंद्रीय संस्था १९५५ पासून मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुधनीला आहे. आपल्या भागासाठी जवळचं नाव म्हणजे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. तपासणीत भागांची मापं घेतात, पात्याचं रसायन आणि कडकपणा बघतात, ठरावीक तास शेतात चालवून झीज आणि बिघाड नोंदवतात. ही अट योग्यच आहे. अनुदानाच्या आशेवर जुन्या सांगाड्याला नवा रंग देऊन विकणारे लोक आहेत, आणि तपासणी नसती तर शेतकऱ्याचा अर्धा पैसा आणि सरकारचा अर्धा पैसा एकदमच पाण्यात गेला असता. जे म्हणतात की लहान उद्योजकांना तपासणीतून सूट द्या, त्यांच्याशी मी सहमत नाही. पीटीओ शाफ्टवर कव्हर नसलेलं यंत्र लहान कारखान्यातून आलं म्हणून कमी धोक्याचं ठरत नाही. फिरत्या शाफ्टमध्ये उपरण्याचं टोक अडकायला क्षण पुरतो.

अडचण पुढे आहे. अहवाल एका विशिष्ट मॉडेलचा असतो, त्याच्या ठरलेल्या मापांसह. केळीच्या धाग्यासाठी कडं बसवलं, पट्टी वेल्ड केली, सील बदललं, रोलरची भोकं बदलली, की माल अहवालातल्या वर्णनापेक्षा वेगळा झाला. मग घरच्या कारखान्यासमोर दोन वाटा राहतात. बदल न करता जुनंच विकत राहायचं, म्हणजे अनुदान सुरक्षित. किंवा बदल करून कागदावर जुनंच दाखवायचं, म्हणजे प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला लावायचं. पुन्हा तपासणीचा खर्च आणि वाट बघण्याचे महिने हा तिसरा मार्ग मोठ्या कंपनीला परवडतो, जिला एका मॉडेलचे हजारो नग विकायचे आहेत. वर्षाला मोजके नग विकणाऱ्याला तो खर्च प्रत्येक नगावर चढवावा लागतो. परिणाम डोळ्यांसमोर आहे. ज्याच्याकडे सुधारण्याची कुवत आहे, त्याला सुधारणा न करण्यातच फायदा ठेवला आहे.

याच्या जोडीला कराचा पेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीअवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. शेतकऱ्यासाठी ही चांगली गोष्ट, आणि ती तशीच राहावी. पण कारखानदार जे पोलाद, वेल्डिंगची तार, रंग विकत घेतो त्यावर १८ टक्के कायम आहे. समजा १ लाखाच्या नांगरात ५५ हजारांचं पोलाद गेलं. त्यावर ९,९०० रुपये कर आधीच भरला. विकताना ग्राहकाकडून ५ हजार घेतले. ४,९०० रुपये सरकारकडे अडकले. परतावा मागता येतो, पण त्यासाठी अर्ज, हिशोब, सीएची फी, आणि पैसे येईपर्यंत खेळतं भांडवल अडकलेलं. शिवाय परताव्याच्या हिशोबात कच्च्या मालावरचा कर धरतात, यंत्रसामग्रीवरचा धरत नाहीत. म्हणजे ज्याने चांगली भट्टी किंवा सीएनसी कटिंग मशीन घेतलं, त्याच्या त्या खरेदीवरचा कर तसाच पडून राहतो. सुधारणेसाठी गुंतवणूक करणाऱ्यावर हा भार सगळ्यात जास्त पडतो, आणि तो उलटा आहे असं मला वाटतं.

मग करायचं काय? तपासणी सैल करू नका, तिची रचना बदला. अवजाराचे भाग दोन गटांत विभागा. ज्यांवर माणसाचा जीव आणि यंत्राचा मूळ जोर अवलंबून आहे ते एका गटात: चौकट, गिअरबॉक्स, पीटीओची सुरक्षा, तीन बिंदूंची जोडणी, फिरणाऱ्या भागांचं कव्हर. यांत काहीही बदललं तर पूर्ण तपासणी. बाकीचे, म्हणजे पात्याचा आकार, धाग्याचं कडं, माती खरवडणारी पट्टी, तबकड्या, रोलरची भोकं, खताच्या पेटीचा पत्रा, यांत बदल झाला तर मूळ मान्यतेखालीच त्याची नोंद करायची: नकाशा, बदलाचं कारण, आणि एका हंगामात पाच-सहा शेतकऱ्यांच्या वावरातली नोंद. चिकट ओल्या मातीत सी-आकाराचं पातं माती कमी धरतं, काडीकचऱ्यात एल-आकाराचं पातं चांगलं चालतं. एकाच रोटाव्हेटरवर दोन्ही लावायची मुभा असण्यात कोणाचं काय बिघडतं?

दुसरं, तपासणीचं मैदान तापी-गिरणेच्या खोऱ्यात असू द्या. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. केळीच्या खोडाने भरलेलं रान आणि जानेवारीतली उभी पऱ्हाटी तिथे आयती मिळेल. ज्या रानात यंत्र खरंच मोडतं तिथे ते तपासलं जाईल. राहुरीच्या विद्यापीठाने हंगामापुरता एक गट इथे बसवला तरी सुरुवात होईल.

तिसरं, सामायिक भट्टी आणि प्रयोगशाळा. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राला अनुदानाची तरतूद आहे. अडतं ते कारखानदारांनी एकत्र येण्यावर. शेजारच्याला आपल्या पात्याचं रसायन कळेल, ही भीती असते. ती भीती काढायची तर केंद्र चालवणारा तटस्थ हवा, एखादं शासकीय तंत्रनिकेतन किंवा आयटीआय, आणि प्रत्येकाचा अहवाल फक्त त्याच्याच हातात गेला पाहिजे. विद्यार्थ्यांना कानस आणि रॉकवेल यांतला संबंध हाताने शिकायला मिळेल, हा वरचा लाभ.

चौथं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते: अनुदान खरेदीच्या बिलावर पूर्ण संपू नये. आज यंत्र विकलं गेलं की सरकारचा संबंध तुटतो. दुसऱ्या वर्षी सील मिळत नाही, पाती मिळत नाहीत, आणि अनुदानातलं यंत्र गोठ्याच्या मागे गंजत पडतं. कारखानदाराकडून प्रत्येक मॉडेलच्या सुट्या भागांची क्रमांकासह यादी आणि किंमत आधी घ्या. अनुदानाचा लहानसा भाग, समजा दहावा हिस्सा, एका हंगामानंतर शेतकऱ्याच्या खात्यात जमा करा, आणि त्या वेळी फक्त तीन प्रश्न विचारा: यंत्र किती तास चाललं, काय मोडलं, भाग किती दिवसांत मिळाला. ही उत्तरं महाडीबीटीवर मॉडेलनुसार उघडी ठेवा. पुढचा शेतकरी ती वाचून यंत्र निवडेल. ज्या घरच्या कारखान्याचा भाग तीन दिवसांत मिळतो, त्याला जाहिरातीची गरज उरणार नाही. अवजारं भाड्याने देणाऱ्या अवजार बँकांना हे आधी लागू करा, कारण त्यांचं यंत्र वैयक्तिक शेतकऱ्याच्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त तास चालतं आणि दोष लवकर दिसतात.

यात कारखानदारांनीही आपला वाटा उचलायला हवा, आणि तो पैशाचा कमी, सवयीचा जास्त आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा तिच्या पायाशी लोखंडी नांगर होता आणि तोही एका घरचाच उद्योग होता. तो धंदा एका शेडपुरता राहिला नाही. आपल्याकडे अनेक घरचे कारखाने दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत थांबतात, आणि कारण बाजार असतंच असं नाही. वाटण्या होतात. एका भावाला शेड, दुसऱ्याला प्रेस आणि शिअरिंग मशीन, तिसऱ्याला उधारीची वही. यंत्राचा नकाशा कोणालाच मिळत नाही, कारण तो कधी काढलेलाच नसतो. मोठा मिस्त्री ज्या भावाकडे गेला त्याच्याकडे ज्ञान गेलं, आणि त्याच्यानंतर कोणाकडेच नाही.

म्हणून डिप्लोमा करून घरी आलेल्या मुलाने पहिलं वर्ष नवं यंत्र काढण्यात घालवू नये. आहे त्या प्रत्येक यंत्राचा नकाशा संगणकावर काढावा, प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा, चौकटीसाठी एक पक्का जिग बनवावा, आणि शेतातून परत आलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून फळीवर ठेवावा: कोणत्या गावचं, कोणतं पीक, किती तास, कुठे तुटलं. भोकाजवळ तुटलेल्या पात्यांचा ढीग वाढला तर पाणी देण्यात चूक आहे. वाकलेल्यांचा वाढला तर पोलाद मऊ आहे. एकाच बाजूच्या सीलचा वाढला तर धागा. बोल्ट ८.८ दर्जाचेच असतील, डोक्यावरचा आकडा बघूनच आत घेतले जातील, एवढा एक नियम पाळला तरी तक्रारी लक्षणीय कमी होतात. हा क्रमांकाचा आणि नकाशाचा संच भागीदारीच्या करारात कारखान्याची मालमत्ता म्हणून लिहावा, जसं शेड आणि यंत्रं लिहितात. बँकेलाही कर्ज देताना तो दाखवता येईल. आणि ज्या दिवशी किरकोळ बदलाची नोंद मूळ मान्यतेखाली करण्याची सोय होईल, त्या दिवशी अर्जासोबत जोडायला नकाशा, क्रमांक आणि वावरातल्या नोंदी ज्याच्याकडे तयार असतील, त्याचा अर्ज पहिला जाईल.